दिसण्याला दोन

माईला कुणीतरी दिसण्याचे दोन तारे दिले होते. पाचांपैकी. माई म्हणजे ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ या व्हिडिओ गेममधली माझी सोबतीण; दुसरे खेळणारेही तिला इंटरनेटवरून आपल्या खेळात बोलावून घेतात आणि निरोप देताना गुण देतात. लढण्याचे पाच, मदतीचे चार आणि दिसण्याचे दोन. शिवाय निरोपाची भेट म्हणून नासकं मांस. मी खेळातल्या सराईत, म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी, रात्र काढली, सकाळ झाली, पडद्यावर हा निकाल उमटला आणि मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसतीच बघत बसले. हे गुण देणारा कुठल्या देशातला, कोण, काही कळायला मार्ग नव्हता. त्यानं माईला आपल्या खेळात बोलावून घेतलं होतं, तिच्याकडून जखमा बऱ्या करून घेतल्या होत्या, गॉब्लिनांच्या अंगावर आग ओतून घेतली होती, आणि काम झाल्यावर चेहऱ्याला दोन तारे. दुसऱ्या दिवशी कर्वे रस्त्याच्या सिग्नलला स्कूटर बंद करून उभी होते, तेव्हा हेच डोक्यात. संध्याकाळी मेथी निवडताना हेच. बरं, नवऱ्याला सांगावं तर सांगता येईना, कारण माई कुणासारखी दिसते हे घरात अजून कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

माई माझ्या सासूबाईंसारखी दिसते.

ठरवून केली नव्हती. ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ सुरू होताना आधी तुम्ही स्वतःला घडवता आणि थोडं पुढे गेल्यावर आपल्या पॉनला, म्हणजे कायम बरोबर चालणाऱ्या सोबत्याला. उंची, वजन, खांदे, नाक, केस, उभं राहायची ढब, सगळं हातात. आणि हे नुसतं नटवणं नव्हे. अंगानं भरलेली माणसं जास्त ओझं उचलतात, पण दमली की लवकर सावरत नाहीत. बुटकी माणसं अरुंद भोकातून पलीकडे जातात. मला जखमा भरणारी, मागे राहून मंत्र टाकणारी बाई हवी होती. म्हटलं, जरा वयस्कर असू दे, वयस्कर बाईनं औषध दिलं की गुण येतो. केस पांढरे केले. उंची कमी केली. हनुवटी जराशी पुढे काढली. मग भुवया अशा काही उंचावल्या, की आत्ता ही विचारील, दूध उतू गेलं का? तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण तोवर ती इतकी जमून आली होती की मोडवेना.

तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन हॉलमध्येच मुक्कामाला होत्या. टीव्ही हॉलमध्ये, प्लेस्टेशन टीव्हीला, त्यामुळे माझं खेळणं त्यांच्या डोळ्यांसमोर. आमचा करार असा होता की सातला मालिका सुरू होतात, त्याच्या आत मी आटपायचं. डिस्क माझ्या दिरानं आणलेली. खेळ 2012 च्या मे महिन्यात आला, कॅपकॉमचा, आणि दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो, ज्यांनी ‘डेव्हिल मे क्राय’चे बरेचसे भाग केले. दिराला तेवढंच नाव पुरे होतं. घेतला, तीन-चार शनिवार खेळला आणि ‘वहिनी, तुला वेळ घालवायचा असेल तर घे’ म्हणून आमच्याकडे टाकून गेला. त्याची तक्रार सविस्तर होती. एवढा मोठा टीव्ही घेतला आणि चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या. राक्षस दोन झाले की चित्र अडखळतं. सेव्ह एकच, म्हणजे चुकलं तर भोगा. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पळणं. ‘पळायचं, वहिनी. राजधानीपासून किल्ल्यापर्यंत पळायचं, तिथं कोणीतरी सांगतं की आता परत जा, की परत पळायचं. वाटेत त्याच वळणावर तेच दरोडेखोर.’

तो खोटं बोलत नव्हता. त्याच वळणावर तेच दरोडेखोर असतातच. झटकन परत आणणारे फेरीस्टोन सुरुवातीला इतके महाग की हात लावावासा वाटत नाही. गोष्ट तर काय, ड्रॅगन येतो, समुद्रकाठच्या कसार्डिस नावाच्या कोळीवाड्यातल्या एका साध्या माणसाचं काळीज काढून गिळतो, आणि ते परत आणायला तो माणूस निघतो. इथवर उत्तम. मग मधले कित्येक तास गोष्ट जणू कुठे चहाला गेलेली असते. हे सगळं मान्य करून मला दिराची गंमत वाटते ती अशी, की हाच माणूस दर रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढतो. तीच वाट, तेच दगड, वर तेच पिठलं-भाकरी आणि दही, आणि खाली येऊन पुढच्या रविवारी पुन्हा. तिथं त्याला ‘तेच तेच’ खुपत नाही. मी हे त्याला म्हटलं, तर म्हणाला, ‘तिथं हवा असते.’

पण खेळातही हवा होतीच, निदान रात्री. या खेळातली रात्र मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही. बाकीच्या खेळांत रात्र म्हणजे निळसर दिवस. इथं सूर्य गेला की गेला; कमरेच्या कंदिलाचा काय तो दोन पावलांचा उजेड, आणि त्या कंदिलातलं तेलही संपतं. फार वर्षांपूर्वी गुंजवण्याहून रात्री राजगड चढताना बॅटरी मिणमिणायला लागली होती. पुढच्या माणसाची टाच दिसते तेवढंच जग, आणि सगळ्यांची बडबड एकदम बंद. ग्रान्सिस या खेळातल्या मुलुखाच्या जंगलात मला तसं व्हायचं. फरक एवढाच, की तिथं बडबड बंद होत नसे.

पॉन बोलतात. अखंड बोलतात. हा खेळ खेळलेल्या माणसांत दोन तट पडतात ते इथेच. लांडगे कळपानं येतात, गॉब्लिनांना आग सोसत नाही, ती वाट अमुक गावाला जाते, अरे बापरे केवढा थोरला! तेच वाक्य, त्याच उत्साहानं, शंभरावा लांडगा दिसला तरी. काहींना हे इतकं असह्य होतं की ते खेळ सोडतात. सराईत एक खुर्ची असते, तिथं पॉनसमोर बसून तिला ‘जरा कमी बोल’ असं सुचवता येतं. मी एकदा माईला त्या खुर्चीत घेऊन बसलेही. पण मागे दिवाणावरून आवाज आला, ‘अगं, डावीकडे बघ, डावीकडे! त्या झुडपात काहीतरी हललं.’ आणि मी खुर्चीवरून तशीच उठले. घरातली बडबड कमी करायची सोय नसताना खेळातली तेवढी कमी करून काय साधणार होतं?

खरं सांगायचं तर आईंचं बोलणं माईपेक्षा कामाचं होतं. कायमेरा म्हणून एक प्राणी येतो. सिंहाचं धड, शेपटीच्या जागी साप, आणि पाठीतून बकरीचं डोकं निघालेलं. मी आपली सिंहाच्या तोंडावर तलवार चालवतेय, मरतेय, पुन्हा चालवतेय. आई म्हणाल्या, ‘सिंह नुसता गुरगुरतोय. मंत्र म्हणतंय ते बोकड. आधी त्याचा बंदोबस्त कर.’ तेव्हा मी पहिल्यांदा त्या प्राण्याच्या पाठीवर चढले. हा या खेळाचा खरा जीव. मोठ्या राक्षसाला खालून नुसतं भोसकत बसायचं नाही. त्याच्या केसांना धरून चढायचं, तो झटकतो तेव्हा चिकटून राहायचं, दम संपत आला की पडायच्या आत उतरायचं. सायक्लॉप्सच्या एकुलत्या एका डोळ्यापर्यंत पोचायचं. ग्रिफिनच्या पंखाला लटकलेलं असताना तो उडाला तर तुम्हीही वर. मारधाडीच्या खेळांना ‘नुसतं बटण दाबणं’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बऱ्याच खेळांबाबत ते खरं आहे. पण ग्रिफिनच्या मानेवर लटकताना माझ्या अंगठ्याला घाम येतो आणि दिवाणावरच्या म्हातारीचा श्वास अडकतो, याला बटण दाबणं म्हणायचं का?

आणखी एक गंमत. ड्रॅगन शेवटी तुमच्या जिवलगाला पळवून नेतो, आणि जिवलग कोण हे खेळ स्वतःच ठरवतो, ज्याच्याशी तुमचा लोभ जास्त जुळला असेल तो. भेटवस्तू, मदत, येणं-जाणं, सगळं त्यात मोजलं जातं. त्यामुळे जगभरच्या खेळणाऱ्यांचा एक सामायिक अनुभव असा, की राजकन्येसाठी जीव धोक्यात घालावा आणि ड्रॅगनच्या पंजात सापडावा चिलखतं विकणारा कॅक्स्टन, कारण वर्षभर खरेदी त्याच्याकडे. माझंही तेच झालं. प्रेमाचं हळवं संगीत वाजतंय आणि पडद्यावर दाढीवाला दुकानदार. ‘हे कोण?’ आईंनी विचारलं. म्हटलं, माझा वाणी. आई म्हणाल्या, ‘उधारी असेल, म्हणून सोडवायला हवा.’

आता गुणांबद्दल. भाड्यानं घेतलेल्या पॉनची पातळी वाढत नाही. तुम्ही मोठे होता, ते आहेत तिथंच राहतात, म्हणून सारखे बदलावे लागतात. प्रत्येक निरोपाला तारे, एखादी भेट आणि ठरावीक शेऱ्यांतला एक शेरा. मी सगळ्यांना पाच-पाच-पाच देत होते. कुणाच्या तरी घरची माणसं, दोन दिवस आपल्याबरोबर राबली, कशाला कंजूषपणा? आईंना हे सहन झालं नाही. त्यांची हयात मुलांचे पेपर तपासण्यात गेलेली. ‘सगळ्यांना पैकीच्या पैकी दिलेस तर गुणांना अर्थ काय? तो धनुष्यवाला कड्यावरून आपणहून खाली पडला. त्याला मदतीचे पाच?’ मग तारे त्या ठरवायला लागल्या आणि मी नुसती कारकून. त्यांची पद्धत कडक पण न्यायाची होती. जो पॉन पडलेल्या माणसाला उचलायला मागे फिरला त्याला मदतीत चार तरी. जो आपल्या मालकिणीला सोडून रानात पाला तोडत बसला, त्याला दोन. चड्डीवजा चिलखत घालून हिंडणाऱ्या बायका त्या खेळात पुष्कळ. त्यांच्या दिसण्याला आईंनी कधी तीनच्या वर दिले नाहीत. शेरा एकच, ‘थंडी वाजेल.’

हे चालू असताना माईचा तो निकाल मी त्यांच्यापासून लपवला होता. पण पुढे एकदा मी स्वयंपाकघरात असताना सराईतली सकाळ उजाडली आणि नवा निकाल आईंनी स्वतः वाचला. पुन्हा दिसण्याला कमीच. मी बाहेर आले तर चष्मा पुसत बसल्या होत्या. ‘माझ्यासारखी केलीस ना?’ म्हणाल्या. मी काहीतरी पुटपुटले. ‘हनुवटी बरोबर आहे. नाक जास्त झालंय.’ आणि मग, जराशा थांबून, ‘पण लढण्याचे पाच आहेत.’ त्या दोन ताऱ्यांची सल मला इतके दिवस होती, त्यांना ती मिनिटभरसुद्धा नव्हती. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. दिसणं हा विषय मुळात परीक्षेला ठेवलाच कुणी? बाकीचे दोन ठीक, ते शिकून वाढतात. दिसण्यात नापास झालेल्यानं पुढच्या वेळी अभ्यास कसला करायचा?

मला मात्र त्या अनोळखी परीक्षकाबद्दल हळूहळू आदर वाटायला लागला. माणूस रुक्ष असेल, पण त्यानं माईला बरोबर घेऊन वाटचाल केली होती. त्याला ती आवडली नाही ती पाहून, वापरून. शिवाय त्याच्या खेळातून परत येताना ती तिथल्या राक्षसांची माहिती शिकून आली होती. मला ठाऊक नसलेल्या जागा ती मला दाखवायला लागली. नासक्या मांसाचं म्हणाल तर पिशवी हलकी करायची असेल बिचाऱ्याला. मीही एकदा कुणाच्या तरी पॉनच्या गळ्यात असाच कचरा बांधला आहे.

शेवट सांगत नाही, ज्यांना खेळायचाय त्यांनी खेळावा. पण शेवटी माईला माझं रूप मिळतं, एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही. समुद्राकाठी ती उठते आणि चेहरा माझ्या पात्राचा. हे पाहून रडलेले लोक मला ठाऊक आहेत. आई म्हणाल्या, ‘म्हणजे मी सून झाले की! आता तू लवकर उठ.’

नंतर 2013 मध्ये ‘डार्क अरायझन’ आला, बिटरब्लॅक नावाचं काळंकुट्ट बेट घेऊन. फुकट फिरायचा, कधीही न संपणारा फेरीस्टोन त्यात मिळाला, तर दिराचं नवं दुखणं सुरू. सुरुवातीला वाजणारं बी’झ या बँडचं जपानी रॉक गाणं नव्या आवृत्तीत नव्हतं. ज्या माणसानं खेळ मध्यावर टाकला, तो आता गाण्यासाठी हळहळत होता. याला काय म्हणावं! पण मग लक्षात आलं की त्याला खेळाचं जे आवडलं होतं ते तेवढंच असावं. शनिवारी रात्री डिस्क घातल्यावर येणारं ते गाणं, आणि पुढं काहीतरी जबरदस्त घडणार आहे असं वाटणं.

दुसरा भाग यायला 2024 उजाडलं, 22 मार्च. दिराचा मुलगा आता कॉलेजात. पहिल्याच दिवशी त्यानं मला फोनवर जाहीर केलं, ‘काकू, वाया गेला. स्टीमवर लोकांनी धुतलाय.’ स्टीम म्हणजे खेळ विकणारं ऑनलाइन दुकान, तिथं लोक अभिप्रायही लिहितात. ऐकून घेतलं. समीक्षकांनी आधी भरभरून गुण दिलेले, आणि विक्रीला आल्यावर लोकांना दिसलं की खेळातल्या काही वस्तू वेगळे पैसे मोजूनही घेता येतात. फेरीस्टोन जिथं नेईल ते ठिकाण ठरवायला रोवायचा दगड, चेहरा बदलायचं पुस्तक. त्या खेळत खेळतही मिळतात, पण पूर्ण किमतीच्या खेळात असं दुकान मांडलेलं पाहून लोक खवळले. त्यात व्हर्नवर्थ या राजधानीत शिरलं की खेळ मंदावायचा, कारण रस्त्यावरच्या एकेका माणसाचा हिशेब यंत्राला सांभाळावा लागे. राग खोटा नव्हता. मला खटकलं ते एवढंच, की माझ्या पुतण्यानं तोवर कंट्रोलर हातातसुद्धा घेतला नव्हता. त्याचं मत आधीच तयार होतं, आणि तेही इतकं घोटीव की वाटावं, महिनाभर खेळून आलाय. दिराचं मत निदान त्याच्या स्वतःच्या पायांचं होतं.

अर्थात घेतलाच त्यानं, सेल लागल्यावर. आणि सुट्टीत प्लेस्टेशन 5 काखोटीला मारून आमच्याकडे राहायला आला. आई आता थकल्यात, पण दिवाण तोच आणि टीव्हीसमोरचा हक्कही तोच. पॉन कुणासारखा करायचा यावर चर्चाच झाली नाही. नाक या वेळी बेताचं केलं. आईंचा आग्रह असा, की मंत्रबिंत्र पुरे, हातात थोरली तलवार द्या. दिली.

या भागात एक रोग आहे, ड्रॅगन्सप्लेग. तो पॉनांना होतो, दुसऱ्यांच्या पॉनांकडून लागतो, पॉन इकडून तिकडे जातात तसा पसरतो. लागण झालेला पॉन डोकं दुखतंय म्हणतो, ऐकेनासा होतो, डोळे तांबारतात. दुर्लक्ष करून तुम्ही सराईत झोपलात, तर सकाळी गावातली माणसं मेलेली. खेळाची एकच सेव्ह, सगळं तसंच पुढं न्यायचं. यावरही खेळणाऱ्यांत जुंपली होती. काहींना ही शिक्षा अन्यायाची वाटली, काहींच्या मते इतकं धीट काही हल्ली कुणी करतच नाही. मी दुसऱ्या तटातली. पुतण्या पहिल्या, आणि तो सावध होता. त्यामुळे नदीकाठानं चालताना माईनं कपाळाला हात लावल्यासारखं केलं मात्र, त्यानं तिला उचललं आणि थेट पाण्यात फेकलं. पाण्यातलं ते तांबडं काहीतरी वर आलं आणि माई गेली.

‘अरे!’ आई ताठ बसल्या. ‘डोकं दुखतंय म्हटलं म्हणून नदीत?’

‘आजी, हाच उपाय आहे. सगळे हेच करतात. मरत नाही ती, दगडापाशी जाऊन बोलावलं की परत येते, रोग गेलेला असतो.’

‘आणि नुसतंच डोकं दुखत असेल तर?’

त्याला उत्तर सुचेना. तो पळतच रिफ्टस्टोनपाशी गेला. दगडाला हात लावला. माई आली, तलवार पाठीला, केस जसेच्या तसे. आली ती पहिल्यासारखीच, सेवेला हजर, तक्रारीचा शब्द नाही. आईंनी पुढे वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुतण्याला विचारलं, ‘या खेळात तुम्ही हिला गुण देता. हिला तुम्हाला द्यायची सोय आहे का?’

‘नाही.’

‘मग काढ कागद,’ आई म्हणाल्या. ‘लढण्याचे तीन. मदतीचा एक. दिसण्याचं जाऊ दे.’

पुतण्या म्हणाला, हे अन्यायाचं आहे, पूर्ण खेळ बघून मग मत दे. आई म्हणाल्या, मी 2012 पासून बघतेय.